अटी कायद्याच्या, खर्च तुमचा

बाई पन्नाशीची किंवा पुरुष पंचावन्नचा झाला, की देशातल्या कुठल्याही क्लिनिकने त्यांच्यावर आयव्हीएफ करायचं नाही. एकट्या बाईला उपचार घेता येतात, एकट्या पुरुषाला नाही. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना जोडपं म्हणून दारच बंद. स्त्रीबीज देणारीने ते आयुष्यात एकदाच द्यायचं, आणि डॉक्टरांनी सातापेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये लागू झालेल्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात असं पुष्कळ आहे. त्यातलं काही हवंच होतं. बायकांच्या गरिबीवर चालणाऱ्या दलालीला कुणीतरी आवर घालायलाच हवा होता. मात्र उपचार कुणी घ्यायचे नाहीत हे बजावणारा हा कायदा ते कुणाला मिळालेच पाहिजेत, याबद्दल अवाक्षर काढत नाही.

विम्याचंच बघा. बीज देणारीचा बारा महिन्यांचा विमा जोडप्याने उतरवलाच पाहिजे, असं कलम आहे. योग्यच आहे. स्वतःची बीजं वापरणाऱ्या बाईलाही तीच इंजेक्शनं, तीच भूल. तिचं काय? विमा नियामकाने कंपन्यांना वगळायची मुभा दिलेल्या गोष्टींच्या यादीत वंध्यत्व सतराव्या क्रमांकावर आहे. (अठराव्यावर बाळंतपण. म्हणजे मूल होवो न होवो, खिसा आपलाच.) आयुष्मान भारतातही हे उपचार बसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना वंध्यत्वाला आजार मानते, आपल्याकडे ते हौसेच्या खात्यात जमा. मग दागिने गहाण पडतात, नाहीतर ईएमआय सुरू होतो, आणि आयव्हीएफची सायकल फसली तरी हप्ता चुकत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थोडा दिलासा दिला. सरोगसी कायदा लागू होण्याआधीच सरोगसीसाठी भ्रूण गोठवून ठेवलेल्या जोडप्यांना नंतर आलेली वयाची अट लावता येणार नाही, असं न्या. नागरत्ना आणि न्या. विश्वनाथन यांच्या पीठाने सांगितलं. निसर्गतः मूल होणाऱ्यांना कायदा वय विचारत नाही, हेही निकालात आलं. निकाल चांगलाच आहे. फक्त तो कामी आला तो भ्रूण गोठवण्याइतके पैसे ज्यांच्या हाताशी होते त्यांच्या.

‘एवढ्या लोकसंख्येच्या देशात हे लाड कशाला?’ असं विचारणारे भेटतातच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर बाईमागे १.७ मुलं निघाला होता. लोकसंख्येची भीती दाखवायला आता फार उशीर झालाय. शिवाय मूल नको असलेल्या बाईची नसबंदी सरकार फुकट करतं, वर हातावर पैसेही ठेवतं. मूल हवं असलेलीने मात्र बाजारात जायचं.

आणि या उपचारांची सुरुवात बाजारात झालेली नव्हती. ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून मुंबईत टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती परळच्या केईएममध्ये, पालिकेच्या रुग्णालयात. पुढे हे उपचार बघता बघता खासगी क्लिनिकांकडे गेले. गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ सुरू केलं, त्याचं कौतुक करायलाच हवं. तरी ती योजना आहे. निधी आटला की आटली, आणि रुग्णाला कोर्टात दाद मागायला आधार नाही. कायद्यात दुरुस्ती करून प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आयव्हीएफ केंद्र सक्तीचं करा, आणि विम्याच्या यादीतला तो सतरावा क्रमांक खोडा. निदान पहिल्या दोन सायकलींपुरता तरी.