जगाची घड्याळं जुळवणारी फाइल

टोकियोत किंवा न्यूयॉर्कमध्ये आत्ता किती वाजले, हे फोनला कळतं ते 'टीझेड डेटाबेस'मुळे. हा काही साध्या मजकूर-फायलींचा संच आहे. लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन, जावा अशा सगळ्यांत त्याच्या प्रती असतात. तो कुणीही फुकट वापरावा, तपासावा, चूक दिसली तर कळवावी. अमेरिकेत आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८०च्या दशकात हे काम सुरू केलं. पुढे त्याची धुरा पॉल एगर्ट यांच्याकडे आली.

यात नुसते आजचे नियम नसतात, जुनेही असतात. १९७०नंतर ज्या प्रदेशाचं घड्याळ शेजाऱ्यापेक्षा वेगळं चाललं, त्याला स्वतंत्र नोंद मिळते. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली 'मुंबई वेळ' त्याआधीच इतिहासजमा झाली होती. म्हणून मुंबईची वेगळी नोंद नाही आणि तिथल्या संगणकावरही 'एशिया/कोलकाता' हीच नोंद दिसते.

एवढ्या मोलाच्या कामाला संस्थेचा आधार मिळाला, तोही खटल्यानंतर. ज्योतिषाची सॉफ्टवेअर विकणाऱ्या अ‍ॅस्ट्रोलेब कंपनीने २०११मध्ये जुन्या वेळांच्या माहितीवर मालकी सांगून ओल्सन आणि एगर्ट यांना कोर्टात खेचलं. त्यामुळे डेटाबेसचा सर्व्हर बंद झाला. इंटरनेटवरील नावांचा कारभार पाहणाऱ्या 'आयकॅन'ने त्याच वर्षी ऑक्टोबरात डेटाबेस आपल्याकडे घेतला. फेब्रुवारी २०१२मध्ये कंपनीने चूक कबूल करून दावा मागे घेतला. ऐतिहासिक तथ्यं कुणाच्या मालकीची नसतात, हे तिला मान्य करावं लागलं.

खरा त्रास मात्र सरकारांकडून होतो. मार्च २०२३मध्ये लेबनॉनचे पंतप्रधान नजीब मिकाती यांनी, घड्याळं पुढे करायला जेमतेम दोन दिवस उरले असताना, हा बदल रमजाननंतर करायचं जाहीर केलं. लगोलग '२०२३बी' ही आवृत्ती निघाली. पण मॅरोनाइट चर्चने आणि अनेक वाहिन्यांनी आदेश धुडकावला. एकाच देशात दोन वेगवेगळ्या वेळा चालू झाल्या. सरकारने माघार घेतली आणि आठवड्याच्या आत '२०२३सी' काढून आधीचा बदल पुसावा लागला. या उलथापालथीचा भार पडला तो मुख्यतः स्वयंसेवकांवर. सरकारांनी असे निर्णय काही महिने आधी जाहीर करायलाच हवेत. कारण नवी आवृत्ती निघाली तरी ती फोन-कंपन्यांनी स्वीकारायची, तपासायची आणि अपडेटमधून पाठवायची असते. ज्या जुन्या फोनांना अपडेट मिळणं थांबलं आहे, त्यांच्यापर्यंत ती बहुधा पोहोचतच नाही.