दंडुका मराठीत, तपास मात्र हिंदी-इंग्रजीत

"सीबीआयमध्ये जाऊन तू कुणाची चाकरी करणार?" हा प्रश्न आपल्या मुलांना आपलीच माणसं विचारतात. बहुतेक वेळा विचारणाऱ्याची स्वतःची नोकरी पक्की झालेली असते. तरी प्रश्न पोकळ नाही. १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीच्याच दिवशी, आनंद तेलतुंबडे यांना एनआयएपुढे हजर व्हावं लागलं. खैरलांजीवर पुस्तक लिहिणारा हा माणूस. जामीन मिळायला नोव्हेंबर २०२२ उजाडला. हे ज्यांनी पाहिलं, त्यांना त्या यंत्रणेचं ओळखपत्र आपल्या पोरीच्या गळ्यात बघवत नाही, हे मी समजू शकते. पण त्यावरून "आपण तिकडे जायचंच नाही" असं ठरवणं मला मान्य नाही. आपण गेलो नाही म्हणून यंत्रणा बंद पडत नाही. ती आपल्याशिवाय चालत राहते आणि आपली प्रकरणंही तीच हाताळते.

खैरलांजीच घ्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांना गावाने मारलं. स्थानिक पोलिसांवरचा विश्वास उडाला, महाराष्ट्रभर लोक रस्त्यावर आले, तपास सीबीआयकडे गेला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली; पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा सिद्ध झाला नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची शिक्षा दिली. जातीचा मुद्दा तिथेही टिकला नाही. चार खून मान्य, जात अमान्य!

"सीबीआय चौकशी झालीच पाहिजे" ही आपली जुनी घोषणा आहे. चौकशी करणारा माणूस कोण असेल, हे मात्र आपण फारसं विचारत नाही. साक्षीदाराला कोणता प्रश्न विचारायचा, त्याने उच्चारलेली जातिवाचक शिवी जबाबात जशीच्या तशी उतरवायची की "शिवीगाळ केली" एवढंच लिहायचं, हे कोर्टाच्या कितीतरी आधी एका टेबलावर ठरतं. आपला एखादा सब-इन्स्पेक्टर असता तर खैरलांजीचा निकाल बदलला असता, असा भाबडा दावा मी करत नाही. माझं म्हणणं इतकंच, की त्या टेबलामागे कोण बसतं हा आपला प्रश्न आहे. वरच्या खुर्च्यांवर आयपीएस प्रतिनियुक्तीवर येतात आणि जातात; केस डायरी लिहिणारे हात खालचे असतात.

त्या लिहिण्यात किती ताकद असते, हे आम्ही जबलपुरात अलीकडेच पाहिलं. इथल्या उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांची तपासणी सीबीआयने केली आणि १६९ कॉलेजं योग्य ठरवली. मे २०२४ मध्ये सीबीआयच्याच निरीक्षकाला अटक झाली. आरोप असा, की लाच घेऊन अनुकूल अहवाल दिले जात होते. फेरतपासणी करावी लागली, आणि वर्षं गेली ती फी भरून बसलेल्या पोरींची. (ज्यांना सीबीआय 'स्पेशल २६'मुळे माहीत झाली, त्यांनी आठवून पाहावं: त्या सिनेमात धाड घालणारे अधिकारी बनावट होते. इथले खरे होते.)

आता या टेबलापर्यंत पोचायची वाट पाहू. सीबीआय आणि एनआयएमधला सब-इन्स्पेक्टर, ईडीतला सहायक अंमलबजावणी अधिकारी, ही पदं कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल परीक्षेतून भरली जातात. कोणत्याही शाखेची पदवी चालते. सीबीआयसाठी वय २० ते ३०, अनुसूचित जाती-जमातींना ५ आणि ओबीसींना ३ वर्षं सवलत. मूळ पगार ४४,९०० पासून. अनुसूचित जाती-जमातींना आणि सगळ्याच मुलींना परीक्षा शुल्क नाही.

कागदावर दार उघडं दिसतं. दुसऱ्या टप्प्यातल्या मुख्य पेपरचे गुण पाहा: एकूण ३९०, त्यात गणित ९०, बुद्धिमत्ता ९०, सामान्य ज्ञान ७५ आणि इंग्रजी १३५. सर्वात जड पारडं इंग्रजीचं. गोंदियाच्या आठवडी बाजारातल्या साक्षीदाराचा जबाब घ्यायला इंग्रजी समानार्थी शब्द किती कामाला येतात, हे आयोगाने सांगावं. बाकीचे विषय हिंदी किंवा इंग्रजीत, मराठी नाही. पण केंद्रीय सशस्त्र दलांच्या शिपाईभरतीची परीक्षा १ जानेवारी २०२४ पासून मराठीसह १३ प्रादेशिक भाषांत घ्यायचं गृहमंत्रालयाने ठरवलं. म्हणजे मराठी मुलाने सीमेवर उभं राहायचं, गेटवर पहारा द्यायचा, तर त्याची भाषा चालते. त्याने गुन्ह्याचा तपास करायचा म्हटलं की चालत नाही. ही विभागणी आपल्या लोकांना नवी नाही. राबणं एकाकडे आणि लिहिणं दुसऱ्याकडे, ही तर आपल्या गावगाड्याचीच रीत. शिपाईभरतीत जाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. आमच्या वस्तीत त्याच पगारावर घरं उभी राहिलीत. पण शिपाईभरतीसाठी जे १३ भाषांत करता येतं, ते सीजीएलसाठी का नाही, हा प्रश्न आपल्या संघटनांनी आयोगाला लेखी विचारला पाहिजे.

जबलपूरच्या मराठी बौद्ध घरांसाठी आणखी एक गोष्ट, कारण माझ्या पीएचडीच्या कामात ती पुन्हा पुन्हा समोर येते. आपल्यातले बरेच जण आयुध निर्माणी आणि रेल्वेच्या नोकऱ्यांमुळे इथे आले. मध्य प्रदेशात अनुसूचित जातीचा दाखला मागितला की १९५० चा रहिवास विचारतात. व्हेइकल फॅक्टरी सुरू झाली १९६९ मध्ये! त्यामुळे इथल्या राज्य पोलिसांच्या राखीव जागांवर अशा घरांतल्या मुलांना हक्क सांगता येत नाही. "आपलं आरक्षण गेलं" असं समजून पुष्कळ जण खुल्या गटातून अर्ज भरतात. केंद्राच्या नोकऱ्यांत मात्र ते गेलेलं नाही. वडिलांच्या मूळ राज्यातल्या दाखल्यावरून स्थलांतरितांना दाखला देण्याची तरतूद केंद्राच्या नमुन्यातच आहे. बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, पण त्या नमुन्यात जातीचं नाव लागतं, आणि आपल्या शाळेच्या दाखल्यावर अनेकदा नुसतं 'बौद्ध' असतं. त्यामुळे वडिलांचा किंवा आजोबांचा भंडारा-नागपूरकडचा जुना कागद शोधायला वेळ लागतो. जाहिरात निघण्याची वाट न बघता या महिन्यातच गावी जाऊन या.