कुकीत क्रॅनबेरीच का?

रत्नागिरीत राहून चॉकलेट कुकीसाठी अमेरिकेतली सुकी क्रॅनबेरी मागवायची, हा मला निव्वळ न्यूनगंड वाटतो. मे महिन्यात इथे अंगणाअंगणात आंबापोळी वाळते. पेटीत न जाणाऱ्या डागी हापूसचा रस, साखर आणि कडक ऊन, बस्स. तिचेच बारीक तुकडे घाला, जोडीला काजू. थोड्या साखरेच्या जागी गूळ घ्या, तो ओलावा धरतो. मधला भाग मऊ असतानाच कुकी ओव्हनबाहेर काढा.

‘चॉकलेट तरी कुठे आपलं?’ म्हणाल. काजूही पोर्तुगीजांनीच आणला. आपण तो आपलासा केला. परकं जरूर खा. पण उन्हात पोळी वाळवणाऱ्या बाईची मेहनत ‘गावठी’ आणि पाकिटातली बेरी ‘प्रीमियम’, हा हिशेब मला मान्य नाही.