भुकटीचे बळ

तालमीतला वस्ताद दूध-बदामाचा खुराक सांगे, तेव्हा शागिर्दाला काय सोसते हेही पाही. आजच्या व्यायामशाळेत हे काम डब्यातील भुकटीवर सोपविलेले दिसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली, स्नायू वाढविण्यासाठी अशा भुकट्या घेणे टाळावे, असे स्पष्टपणे सांगितले. पण लक्षात कोण घेतो!

यांतील पुष्कळ भुकट्या दुधाच्या निवळीपासून बनतात. ज्यांना दुधातील साखर पचत नाही, त्यांचे पोट फुगते, जुलाब होतात. ज्यांना दुधातील प्रथिनांचेच वावडे आहे, त्यांच्या मात्र प्राणांशी गाठ पडू शकते. या दोन प्रकारांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. तरीही ‘होईल सवय’ हे एकच उत्तर दोघांनाही मिळावे, हे आम्हांस भयंकर वाटते.

दूध, सोयाबीन, शेंगदाणा असे वावडे उत्पन्न करणारे घटक वेष्टनावर नमूद करणे कायद्याने बंधनकारक आहे. मात्र ते इंग्रजीत किंवा हिंदीत छापले की भागते. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या डब्यावर ही सूचना ठळक मराठीत असलीच पाहिजे, अशी आमची मागणी आहे. आणि व्यायामशाळेत जो सल्ला देतो, त्यानेच डबा विकावा, ही प्रथा चालकांनी आजच बंद करावी.