विश्लेषण : वेबसाइटवर आलेले ‘शंभर जण’ नक्की कोण असतात?

राज्य सरकारच्या अनेक संकेतस्थळांच्या तळाशी अजूनही ‘एकूण दर्शक’ असा आकडा दिसतो. नव्वदच्या दशकात हौशी वेबसाइटवर असा काउंटर हमखास असायचा, गाडीच्या किलोमीटरच्या मीटरसारखा. पान रिफ्रेश केले की आकडा एकने पुढे. काउंटर मागे पडला, त्याच्या जागी रंगीत आलेख आले. पण किल्ल्यांच्या वाटा, घरच्या पाककृती किंवा गावाचा इतिहास मराठीत लिहून स्वतःच्या छोट्या वेबसाइटवर टाकणाऱ्याचा प्रश्न तोच आहे : कोणी वाचतंय का? लिहीत राहायचे की थांबायचे, हे अनेकदा याच आकड्यावर ठरते.

आकडा येतो कुठून?

मोजण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग. कोणीही पान मागितले की सर्व्हर एक ओळ लिहितो : वेळ, आयपी अ‍ॅड्रेस, कोणते पान, कोणत्या ब्राउझरने मागितले. पानावर बारा फोटो असतील तर एका वाचकासाठी तेरा-चौदा ओळी होतात. या प्रत्येक ओळीला ‘हिट’ म्हणतात. त्यामुळे कोणी ‘महिन्याला दहा हजार हिट्स’ सांगितले तर त्यातून वाचक किती, हे काहीच कळत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पानात बसवलेला छोटा कोड. पान उघडले की तो वाचकाच्या फोनवर चालतो आणि मोजणाऱ्या कंपनीला निरोप पाठवतो. गूगल अ‍ॅनालिटिक्स असेच चालते. गूगलने २००५ मध्ये अर्चिन ही कंपनी घेतली आणि त्याच वर्षी ही सेवा फुकट सुरू केली.

मग आकडा चुकतो कुठे?

लॉगमध्ये तो फुगतो. गूगलबॉट, बिंगबॉट, एआय कंपन्यांसाठी मजकूर गोळा करणारे जीपीटीबॉटसारखे प्रोग्राम दिवसभर येऊन जातात. तुमची साइट वर्डप्रेसवर नसली तरी वर्डप्रेसचे लॉगिन पान मागणाऱ्या ओळी लॉगमध्ये सापडतात. ते कुलूप तपासत फिरणारे स्वयंचलित प्रोग्राम असतात. नव्या साइटवर पहिल्या आठवड्यात ‘शंभर जण’ दिसले, तर त्यातले बहुतेक हेच. उरलेल्यांत मोठा वाटा मालकाचा स्वतःचा.

कोडच्या मोजणीत उलटे होते. अ‍ॅड-ब्लॉकर किंवा ब्रेव्हसारखा ब्राउझर वापरणारा वाचक तिथे दिसतच नाही. एकच माणूस फोनवर आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वाचत असेल तर तो दोन जण ठरतो. आयफोनच्या सफारीत कोडने ठेवलेली कुकी सात दिवसांत पुसली जाते, म्हणून दर पंधरवड्याला नेमाने येणारा वाचक दर वेळी ‘नवा’ असतो. सगळ्यात निष्ठावान माणूस अनोळखी म्हणून मोजला जातो, ही यातली गंमत.

आपल्याकडे सर्वात मोठा गोंधळ व्हॉट्सअ‍ॅपचा. लिंक पेस्ट केली की पाठवणाऱ्याचा फोन फोटो आणि शीर्षक दाखवण्यासाठी पान आणतो. ग्रुपमध्ये कोणीही ते उघडले नाही तरी लॉगमध्ये नोंद होते. आणि ज्यांनी खरोखर उघडले ते कुठून आले, हे बहुधा कळत नाही. आलेखात ते ‘डायरेक्ट’ या रकान्यात जातात. मावशीने भिशीच्या ग्रुपवर पाठवलेली लिंक आणि पत्ता पाठ असलेला वाचक, दोघे एकाच रकान्यात.

छोट्या साइटला टक्केवारीचा उपयोग किती?

जवळजवळ शून्य. गेल्या आठवड्यात चार वाचक होते, या आठवड्यात सहा झाले, तर डॅशबोर्ड ‘५० टक्के वाढ’ दाखवतो. दोन माणसे वाढली, इतकाच त्याचा अर्थ. शिवाय ही साधने मुळात जाहिरातदारांचे प्रश्न सोडवायला बनली आहेत. गूगलच्या आजच्या आवृत्तीत दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबलेली भेट ‘एंगेज्ड’ धरली जाते. दहा सेकंदांत एक परिच्छेदही धड वाचून होत नाही. जुनी आवृत्ती तर १ जुलै २०२३ पासून मोजणी थांबवून बंद झाली आणि ज्यांनी वेळेत माहिती उतरवून घेतली नाही त्यांचा वर्षांचा हिशेब गेला.

आणि ही फुकट सेवा खरोखर फुकट नाही. किंमत वाचक मोजतो. कोणता फोन, कोणते शहर, कोणते पान, हे सगळे लेखकाच्या उत्सुकतेपोटी परक्या कंपनीकडे जाते. २०२२ मध्ये ऑस्ट्रिया आणि फ्रान्सच्या विदा संरक्षण यंत्रणांनी याच मुद्द्यावर या साधनाच्या वापराला आक्षेप घेतला होता. वडे-थालीपीठाच्या पाककृतीसाठी एवढी पाळत ठेवण्याचे कारण आम्हाला तरी दिसत नाही.

मग करायचे काय?

विकत घेतलेल्या होस्टिंगवर सीपॅनेल असेल तर त्यात बहुधा ‘ऑस्टॅट्स’ हा लॉग वाचणारा प्रोग्राम आधीच असतो. तो ओळखीचे बॉट वेगळे काढतो. स्वतःचा आयपी वगळून तो महिन्यातून एकदा पाहिला तरी पुरे. आयपी अ‍ॅड्रेस ही वाचकाची खूण असते, म्हणून जुने लॉग पुसून टाकावेत. लॉग मिळत नसेल तर प्लॉझिबल किंवा गोटकाउंटर ही कुकी न ठेवणारी साधने आहेत.

त्याहून कामाचे आहे गूगल सर्च कन्सोल. त्यासाठी पानात पाळतीचा कोड लागत नाही. लोकांनी गूगलवर काय टाइप केल्यावर तुमचे पान दिसले, हे तिथे सोळा महिन्यांपर्यंत पाहता येते. मराठी साइटसाठी ही यादी खरी माहिती देते : लोक देवनागरीत शोधतात की इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून, ‘थालीपीठ’ शोधतात की ‘भाजणीचे प्रमाण’. एखाद्या किल्ल्याच्या नावापुढे ‘पाणी कुठे मिळते’ असे कोणीतरी विचारत असेल आणि तुमच्या लेखात ते नसेल, तर पुढच्या रविवारी कोणती ओळ लिहायची हे तिथेच कळते.