मुख्याध्यापकांना हिशेब शिकवतात, समता कोण शिकवणार?

डिसेंबर 2023 मध्ये कोलार जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत दलित मुलांना शौचखड्डा साफ करायला उतरवल्याचं उघड झालं. प्राचार्यांना अटक झाली, बातमी मागे पडली. प्रश्न मात्र राहिला: शाळा चालवणाऱ्यांना हे चुकीचं कसं वाटलं नाही?

उत्तराचा एक धागा प्रशिक्षणात आहे. सरकारी प्राथमिक शाळेत मुख्याध्यापकपद बहुधा सेवाज्येष्ठतेनं मिळतं. त्यानंतर हजेरी, माध्यान्ह आहार, अनुदानाचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती यातच दिवस जातो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नं मुख्याध्यापकांसाठी वर्षाला 50 तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. तास भरतीलही, पण जात, भाषा, अपंगत्व याबद्दल आपल्याच मनात काय बसलंय, हे तपासायला त्यात जागा हवी.

कायदा स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार सत्र सुरू झालं तरी प्रवेश नाकारता येत नाही. दाखला उशिरा आला म्हणून मूल अडवता येत नाही. शाळा समितीत तीन-चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. पण ऊसतोड टोळीबरोबर आलेलं पोर दारात उभं राहिलं, की ‘हे मार्चपर्यंत तरी टिकणार का?’ असं मनात येतं ते माणसाच्या. तिथं कलम पुरं पडत नाही.

सीमाभागात तर ही कसोटी दुहेरी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीचा मराठी माणूस घटनेच्या 350-अ कलमावर बोट ठेवून मातृभाषेतलं शिक्षण मागतो. मागणी रास्तच. मग मराठी शाळेत लमाणी किंवा कन्नड घरातलं पोर ‘याला काय येत नाही’ म्हणून मागच्या बाकावर गेलं, तर त्या मागणीतलं बळच जातं. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवलं. तो वारसा नुसत्या जयंतीपुरता उरू नये.

उपाय खर्चिक नाही. डाएटच्या प्रशिक्षणात प्रत्येक मुख्याध्यापकानं आपल्याच शाळेचं चित्र मांडावं. सतत गैरहजर कोण? झाडू कुणाच्या हातात? परिपाठात बोलतं कोण? समितीतल्या बाया बोलतात, की नुसती सही करतात? सहा महिन्यांनी पुन्हा हेच विचारावं. तपासणीला येणाऱ्या बीईओंनीही फायली उघडण्याआधी एवढं विचारलं, तर प्रशिक्षण कागदावर राहणार नाही.