दगड वाचायचा खालून वर

मुलांनो, आमच्या शाळेमागे नाल्याकाठी एक काळा दगड आडवा पडलेला होता. आयाबाया त्यावर धुणं धुवायच्या. मागच्या पावसाळ्यात नाल्याला पूर आला, दगड उलटला आणि खालच्या अंगाला चित्रं निघाली! चौथीतला एकजण ओरडला, "गुरुजी, हाऊ तं म्हसोबा शे!"

म्हसोबा नव्हे रे बाबा, हा वीरगळ! लढताना मेलेल्या वीराची आठवण. चित्रं मातीकडे होती, म्हणून वाचली.

वीरगळ वाचायचा खालून वर, बरं का. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला. शेजारी गाई कोरलेल्या असतील तर समजायचं, गावची गुरं सोडवताना तो पडला. त्यावरच्या चौकटीत लढाई, ढाल-तलवारी. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर चंद्र-सूर्य, ते आहेत तोवर त्याची कीर्ती राहणार.

पण नाव? ते कुठंच नाही. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षरच नसतं. चाळीसगावजवळ पाटणच्या देवळात मात्र शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांच्या मठाला शके ११२८ मध्ये मिळालेलं दान त्यात नोंदलंय, वाडवडलांच्या नावांसकट. आमच्या वीराला असं कोणी लिहिणारं भेटलं नाही.

दूर स्कॉटलंडमध्येही असंच झालं. तिथं पूर्वी पिक्ट लोक राहत. हे नाव रोमन लोकांनी ठेवलेलं, अर्थ 'रंगवलेले'. त्यांनी स्वतः लिहिलेलं फारच थोडं उरलंय. उरले ते कोरीव दगड. त्यांवर चंद्रकोर, आरसा, कंगवा, मासा! या खुणांचा पक्का अर्थ अजून कोणालाच लागलेला नाही. हिल्टन ऑफ कॅडबॉल इथल्या दगडाची एक बाजू तर तासून टाकली आणि १६७६ साली तिच्यावर दुसऱ्याच माणसाचा मृत्युलेख कोरला. पुढे १९९८ आणि २००१ मध्ये तिथं खणलं, तेव्हा तासलेले हजारो तुकडे मिळाले. आता बसा जोडत!

आमचा वीर सध्या पारावर उभा आहे. शेंदूर लावू दिला नाही म्हणून दोन आजोबा अजून रुसलेले आहेत. तुमच्या गावात असा दगड असेल तर तळाच्या चौकटीपासून चित्र काढून पाठवा. घासू नका, नुसतं पाणी ओता.

आणि हो, धुण्यासाठी पोरांनी दुसरा दगड लोटत आणून दिला. नाहीतर आयाबाया ऐकत होत्या होय!